निजामाची बाग आणि आमची मोडलेली सहल

सहल म्हटली की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? खिडकीजवळची जागा, गाण्याच्या भेंड्या, डब्यातल्या दशम्या आणि परत आल्यावर महिनाभर पुरणाऱ्या गप्पा. यात गैर काहीच नाही. विशीच्या आतबाहेर असलेल्या मुलामुलींनी हसायचे-खेळायचे नाही तर कोणी? परंतु यंदा आमच्या वर्गाची सहल ठरली, यादी लागली आणि निघण्यापूर्वीच ती मोडली. ती का मोडली याचा विचार करता करता काही गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. त्या या वार्षिकांकातून आपल्यापुढे ठेवत आहे. सगळ्यांना त्या पटतीलच असे नाही. न पटणाऱ्यांनी खुशाल वाद घालावा, एवढीच विनंती.

ठरले होते ते असे. गुरुवारी रात्री परभणी स्टेशनवर गाडीत बसायचे, शुक्रवारी सकाळी हैदराबादला उतरायचे आणि निजामाचा चौमहल्ला राजवाडा व तिथल्या बागा पाहायच्या. त्याच दिवशी चारमिनार आणि सालारजंग संग्रहालय. दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा, हुसेनसागर, बिर्ला मंदिर आणि उरल्या वेळात रामोजी फिल्म सिटी. वर्गणी माणशी २,२०० रुपये. निदान तीस नावे हवी होती. यादी फळ्याशेजारी लागली तेव्हा पहिल्या दिवशी अकरा नावे आली. आठव्या दिवशी त्यांतली सहा खोडलेली होती.

नावे खोडण्याची कारणे तीन होती. एक पैसा. दुसरे, मुलींना घरून मिळणारी परवानगी. आणि तिसरे, ज्यावर वर्गात सर्वांत मोठा आवाज झाला ते म्हणजे, निजामाचे घर पाहायला आपण जायचेच कशाला?

या तिसऱ्या कारणापासूनच सुरुवात करते.

वर्गातला एक मित्र उभा राहून म्हणाला, "दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. झेंड्याला वंदन करतो, हुतात्म्यांची नावे घेतो. आणि डिसेंबरात ज्याच्या तावडीतून सुटलो त्याच्याच झुंबरांखाली उभे राहून फोटो काढायचे?" टाळ्या पडल्या. मीही क्षणभर गोंधळले. त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण परभणीच्या कचेरीवर तेव्हा तिरंगा लागला नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मधल्या तेरा महिन्यांत रझाकारांच्या धाकात आपल्या खेड्यांनी कसे दिवस काढले, ते जुन्या माणसांच्या तोंडून आपण ऐकलेले आहे. तेव्हा मित्राचा राग खोटा नाही. परंतु रागाने पाठ फिरवली म्हणजे इतिहास कळतो असे थोडेच आहे?

शिवाय आपण खरोखर पाठ फिरवली आहे काय? २०२३ पासून आपल्या जिल्ह्यात 'निजामकालीन नोंद' हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. पणजोबांचे नाव कोणत्या कागदावर कसे लागले आहे, हे शोधण्यासाठी लोक तहसिलीच्या पायऱ्या झिजवत आहेत. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसाला कधी नव्हे तो भाव आला आहे. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर तर हैदराबाद गॅझेट हे नाव शाळेतल्या पोरांनाही पाठ झाले. आरक्षणाच्या प्रश्नात मी इथे शिरत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला एवढेच म्हणायचे आहे की, निजामाच्या दप्तरात आपण आपला पणजा शोधतो आणि निजामाच्या दारात जायला मात्र कचरतो, हे कसे?

आता हा राजवाडा आहे तरी काय, ते थोडक्यात सांगते. यादीत नाव घालण्यापूर्वी मलाही ते ठाऊक नव्हते. नाव ऐकून मी 'मोहल्ला' समजले होते! चौमहल्ला म्हणजे चार महाल. अफजल महाल, महताब महाल, तहनियत महाल आणि आफताब महाल अशी त्यांची नावे. आसफजाही घराण्याची राजधानी आधी आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत होती. ती १७६३ साली हैदराबादला गेली. चौमहल्ल्याचे बांधकाम त्याआधी, १७५० च्या सुमारास सुरू झाले आणि पाचवे निजाम अफजल-उद्-दौला यांच्या काळात, १८५७ ते १८६९ च्या दरम्यान ते पुरे झाले. म्हणजे एक घर बांधायला शंभरावर वर्षे लागली. आमचे घर पावसाळ्यापूर्वी पंधरा दिवसांत शाकारून होते.

चारमिनारपासून लाड बाजाराच्या गल्लीतून पुढे गेले की खिलवत नावाचा भाग लागतो. तिथे हा वाडा आहे. मूळचे आवार पंचेचाळीस एकरांचे होते. आज त्यातले बारा-चौदा एकर उरले आहे. आत प्रशस्त चौक, हिरवळ, झाडे, मधोमध मोठे हौद आणि कारंजी. 'खिलवत मुबारक' हा दरबाराचा दिवाणखाना. तिथे संगमरवरी चौथरा आहे, त्यावर निजामाची गादी असे. वरती बेल्जियमच्या काचेची एकोणीस झुंबरे. प्रवेशद्वारावरचे जुने घड्याळ अजून चालू आहे आणि घड्याळजींचे एक कुटुंब दर आठवड्याला त्याला किल्ली देते. शेवटचे सत्ताधारी निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले, परंतु ते राहत किंग कोठीत. चौमहल्ला समारंभांपुरता उरला आणि पुढे पुढे तर ओसच पडला. २००० नंतर, त्यांचे नातू मुकर्रम जाह यांच्या पूर्वीच्या पत्नी राजकन्या इसरा यांच्या पुढाकाराने त्याची डागडुजी झाली. २००५ साली तो लोकांना खुला झाला आणि २०१० साली युनेस्कोने या कामाचा गौरव केला. मुकर्रम जाह २०२३ च्या जानेवारीत इस्तंबूलला वारले. तेव्हा त्यांचा देह याच वाड्यात आणून लोकांच्या दर्शनासाठी ठेवला होता.

त्याच शहरात फलकनुमा हा दुसरा राजवाडा डोंगरावर उभा आहे. तो २०१० पासून ताज हॉटेल झाला. तिथे ज्याच्या खिशात पैसा त्याच्यासाठी दार उघडते. चौमहल्ल्याचे दार मात्र साध्या तिकिटावर कोणालाही उघडते. हा फरक मला फार मोठा वाटतो. फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि १७९३ साली राजाचा लूव्र वाडा सामान्य माणसांसाठी संग्रहालय म्हणून खुला करण्यात आला. त्या दिवशी तिथे गेलेले लोक राजाचे भक्त म्हणून गेले नसतील. आपल्या घामातून काय उभे राहिले ते एकदा डोळ्यांनी पाहावे, म्हणूनच गेले असतील. आपणही तसेच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण तो वाडा कोणाच्या पैशातून उभा राहिला? खजिना काही आकाशातून पडत नाही. संस्थानाचे मोठे उत्पन्न शेतसाऱ्याचे होते. १७२४ पासून १९४८ पर्यंत, मोजून सव्वादोनशे वर्षे, गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काठची काळी जमीन त्या खजिन्यात भर घालत होती. इथली ज्वारी, इथला कापूस, इथल्या बैलांच्या खांद्यावरची घट्टे त्यात आहेत. मनमाड-सिकंदराबाद हा रेल्वेचा रस्ता १९०० च्या सुमारास परभणीवरून गेला, तो निजामाच्याच राज्यात. ज्या रुळांवरून कापसाच्या गाठी गेल्या, त्याच मार्गाने आज आपण कॉलेजची पिशवी खांद्याला लावून जाणार. २२ फेब्रुवारी १९३७ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर उस्मान अली खान यांचे चित्र आले होते, जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. त्याच साली, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या परतूरला, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी, खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी, असा तो जमाना. एकीकडे जगातला सर्वांत श्रीमंत माणूस आणि दुसरीकडे चार शब्द मोकळेपणाने बोलू द्या म्हणणारी त्याचीच रयत. ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय झुंबरांचा अर्थ कळणार नाही.

माझ्या आजीला शाळा ठाऊक नाही. सन-साल विचारले तर ती "निजामाच्या टायमाला" एवढेच सांगते. तेव्हा ती चार-पाच वर्षांची असेल. लेव्हीचे धान्य न्यायला माणसे गावात आली की तिची आई तिला गोधडीत गुंडाळून अंगणातल्या पेवाच्या तोंडावर निजवीत असे आणि सांगे, "पोरीला ताप आलाय, उठवू नका." खाली पेवात वर्षभराची ज्वारी. वर तापाचे सोंग घेतलेली चार वर्षांची पोर. आजी हे सांगते तेव्हा हसते. म्हणते, "हालू नको म्हनलं की मला खोकला यायचा." मी मात्र हसू शकत नाही. चौमहल्ल्याच्या संगमरवरी चौथऱ्यापुढे उभी राहीन तेव्हा मला ते पेव आठवणार आहे. कोणत्याही मार्गदर्शकाजवळ त्या चौथऱ्याचा इतका अचूक अर्थ नसेल.

आता एक अवघड गोष्ट. वर्गात 'निजाम, निजाम' असा घोष चालला होता तेव्हा माझी एक मुसलमान मैत्रीण शेवटच्या बाकावर वही उघडून उगीचच काहीतरी लिहीत बसली होती. तिचे नाव यादीत तिसरे होते. दुसऱ्या दिवशी ते खोडलेले दिसले. मी कारण विचारले. ती म्हणाली, "तुम्ही निजामाला बोलता आणि बघता माझ्याकडे." मला काय बोलावे ते सुचेना. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आमचे पणजोबा पिंजारी होते. गावोगाव कापूस पिंजत फिरायचे. निजामाने त्यांना काही महाल दिला नव्हता."

मित्रहो, या एका वाक्यात मला इतिहासाचा एक अख्खा पेपर उलगडला. राजाचा धर्म आणि रयतेची गरिबी यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. राजाच्या बागेत पिंजाऱ्यालाही बसायला जागा नव्हती आणि कुळालाही नव्हती. रझाकारांनी जे केले ते विसरता येणार नाही. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे ओढवले, तेही विसरता कामा नये. दोन्हीकडच्या घरांत म्हाताऱ्या माणसांनी त्या साली डोळे पुसले आहेत. आपण ज्या राजवटीच्या विरोधात उभे होतो ती एक सरंजामी राजवट होती. तिचा हिशेब आज शेवटच्या बाकावरच्या मुलीकडून मागायचा काय? सहल नीट आखली असती तर हा प्रश्न वर्गातच सुटला असता. ती आमच्या शेजारी चालत त्या बागेत आली असती, आणि दारावरची अक्षरे तिने आम्हाला वाचून दाखवली असती. आमच्यात उर्दू येणारी तीच एकटी आहे.

आणि गंमत पाहा. सहल मोडल्यावर तिनेच मला सांगितले, "शुक्रवारी चौमहल्ला बंद असतो. सालारजंगसुद्धा." म्हणजे आमची सहल मोडली नसती तरी आम्ही त्या शुक्रवारी रात्रभर जागून, तीस जण, दोन बंद दारांपुढे उभे राहिलो असतो! ज्या एका मुलीला ही गोष्ट ठाऊक होती तिला आम्ही विचारलेच नव्हते. आमच्या सबंध नियोजनावर याहून कडक शेरा कोणी मारू शकणार नाही.

यावरून माझ्या मनात नियोजनाचा जो विचार आला तो असा.

पहिली गोष्ट वार आणि वेळ. शुक्रवार टाळावा हे झालेच. पण दोन दिवसांत सात ठिकाणे हा हव्यासही टाळावा. पळत पळत पाहिलेले सात किल्ले-वाडे परत येईपर्यंत एकमेकांत मिसळून जातात. एकाने विचारावे, "ते कारंजे कुठले?" आणि दुसऱ्याने मोबाईल उघडून पाहावे, याला पाहणे म्हणत नाहीत. चौमहल्ल्याला निदान अर्धा दिवस द्यावा. त्यातला अर्धा तास प्रत्येकाने बागेत एकट्याने, न बोलता बसावे आणि जे दिसेल ते वहीत लिहावे. रामोजी फिल्म सिटी राहिली तर राहू द्यावी. तिथले राजवाडे खोटे आहेत, आणि खोटे राजवाडे पाहायला आपल्याला पुढे आयुष्यभर सिनेमे आहेत.

दुसरी गोष्ट पैसा. २,२०० रुपये ही रक्कम काहींना किरकोळ वाटेल. माझ्या आईला निंदणाला दिवसाचे ३०० रुपये मिळतात. म्हणजे माझी सहल ही तिची सात दिवसांहून अधिक मजुरी. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आले आहे तिथे हा हिशेब प्रत्येक वेळी होतो आणि मुले काही न बोलता यादीतले नाव खोडतात. "मला काम आहे", "बरे नाही" अशी कारणे सांगतात. खरे कारण कोणी सांगत नाही, कारण ते सांगण्याची लाज वाटते. यावर उपाय आहे. आमच्या गल्लीतल्या बाया बचत गट चालवतात. तसाच वर्गाने जूनमध्येच सहलीचा गट करावा. महिन्याला दीडशे रुपये टाकले तर डिसेंबरपर्यंत हजारावर रक्कम जमते. खासगी बसऐवजी रेल्वेचा साधा डबा, हॉटेलऐवजी घरून दशम्या आणि ठेचा, असे केले तर खर्चही खाली येईल. ज्याला दीडशेही जमत नाहीत त्याचा वाटा इतरांनी उचलावा आणि तो कोणी उचलला हे कोणाला कळू देऊ नये.

तिसरी गोष्ट मुलींची. आम्हाला परवानगी मिळत नाही, असे सगळे म्हणतात. पण परवानगी मागायला घरी कोणी गेले होते काय? आमच्या वेळापत्रकात परतीची गाडी रात्री दीड वाजता परभणीला पोहोचत होती. रात्री दीड वाजता स्टेशनवर उतरलेल्या मुलीने वीस किलोमीटरवरच्या खेड्यात कसे जायचे? वेळापत्रक करणाऱ्यांपैकी एकही जण खेड्यातून एस. टी.ने येणारा नव्हता, म्हणून हे कोणाला सुचले नाही. वडील 'नको' म्हणतात तेव्हा त्यांना आपण मागासलेले ठरवतो. त्यांच्या नकारामागे दीड वाजताची ती गाडी असते. परतीचा प्रवास असा ठरवावा की पहाटे उतरून पहिली एस. टी. धरता येईल. बरोबर दोन मॅडम याव्यात. आणि एका रविवारी पालकांना, विशेषतः आयांना, कॉलेजात बोलवावे. माझ्या आईने माझे कॉलेज अजून आतून पाहिलेले नाही. सहलीच्या निमित्ताने तिचीही एक सहल होईल.

चौथी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे तयारी. पंढरीला जाणारा वारकरी गाडीत बसून विठोबा कोण ते विचारत नाही. आपण मात्र तिकीट काढून आत गेल्यावर पाटी वाचू लागतो. सहलीपूर्वी महिनाभर आठवड्यातून एक तास राखून ठेवावा. अनंत भालेराव यांचे 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हे पुस्तक चार-पाच जणांनी वाटून वाचावे आणि इतरांना सांगावे. नरहर कुरुंदकर तर आपल्याच मातीतले. कुरुंदा हे त्यांचे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. निजामी राजवटीविषयी त्यांनी काय विचार मांडला ते सरांनी आम्हाला समजावून द्यावे. प्रत्येकाने घरातल्या किंवा गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाची एक आठवण लिहून आणावी. ज्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत खासरा पत्रक, मुन्तखब किंवा जुना एखादा कागद असेल त्याने त्याची नक्कल आणावी. गिरदावर, तहसील, अर्ज, नक्कल, दाखला हे शब्द आपण रोज वापरतो. ते कुठून आले, याची यादी मराठीच्या आणि उर्दूच्या प्राध्यापकांनी मिळून आमच्याकडून करून घ्यावी. एवढे करून गेलो तर तो वाडा आपल्याशी बोलेल. एरवी तो फक्त फोटोची पार्श्वभूमी होईल.

आणि पाचवी सूचना. निजामाच्या वाड्याबरोबर उस्मानिया विद्यापीठाचे कला महाविद्यालय अवश्य पाहावे. आपण कला शाखेचे विद्यार्थी. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात शिक्षण उर्दूतून होते. कला महाविद्यालयाची ती भव्य दगडी इमारत १९३९ साली पुरी झाली. तिचा आराखडा एर्न्स्ट जास्पर या बेल्जियन वास्तुतज्ज्ञाने केला होता. इमारत पुरी होण्याच्या आदल्याच वर्षी, १९३८ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि उस्मानिया विद्यापीठात 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच एक. ही सगळी मुले तेव्हा आपल्याच वयाची होती. एक गाणे म्हटले म्हणून ज्यांचे शिक्षण थांबत होते, त्यांच्या जागेत उभे राहून आपण किती तास बुडवतो याचा हिशेब केला तर बरे होईल. त्यात मीही आले.

राग असणाऱ्या माझ्या मित्राला मला एवढेच सांगायचे आहे. तू जरूर ये. तुझा राग घेऊनच ये. झुंबरांखाली फोटो काढू नकोस. पण त्या चौथऱ्यापुढे एकदा उभा राहा आणि पाहा, गादी रिकामी आहे. जिथे आपल्या पणजोबांना जोडे काढून, मान खाली घालूनही कोणी आत घेतले नसते, तिथे त्यांची पणतवंडे तिकीट काढून ताठ मानेने जातात. मुक्तिसंग्राम कशासाठी झाला, याचे याहून चांगले उत्तर मला तरी सापडलेले नाही.

शेवटी एक घरची गोष्ट सांगून थांबते. माझे वडील सालगडी आहेत. दुसऱ्याच्या मोसंबीच्या बागेत राबतात. रात्री लाईट आली की उठून पाणी धरायला जातात. मी सहलीचे पैसे मागितले तेव्हा त्यांनी विचारले, "काय बघायला जायलीस?" मी म्हटले, "राजवाडा. आणि बाग." ते हसले. म्हणाले, "बाग बघायला पैसे? म्या तर रोज बागेतच असतो." मला वाटले, झाले, आता नाहीच म्हणणार. पण जेवण झाल्यावर त्यांनी बनियनच्या खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "बाकीचे बाजारच्या दिवशी. जा. पण येक कर. तिथल्या बागेला पाणी कोन देतंय, तेवढं इचारून ये."

सहल मोडली. त्या नोटा मी परत केल्या. वडिलांनी काही विचारले नाही, मीही काही बोलले नाही. परंतु तो प्रश्न माझ्याजवळ तसाच आहे. अडीचशे वर्षांपूर्वी त्या हौदात पाणी कोण भरत होते, ती हिरवळ कोणाच्या हाताने राखली गेली, आज तिथे पहाटे पाईप ओढणारा माळी कोणत्या गावचा आहे आणि त्याला रोज किती मिळतो, हे कोणत्याही पुस्तकात मला सापडले नाही. ते तिथे जाऊनच विचारावे लागेल.

पुढच्या वर्षी मी तिसऱ्या वर्षाला असेन. जूनमध्ये फळ्याशेजारी पहिली यादी मी लावणार आहे. वार शुक्रवार नसेल. माझ्या मैत्रिणीने पुन्हा यायचे कबूल केले आहे, आणि यादीत तिचे नाव माझ्या नावाच्या आधी असेल.